केस ०: एका नऊ वर्षांच्या मुलीच्या ब्लॉगची केस स्टडी

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद झाली, त्यात एक तास लहान मुलं आणि सोशल मीडिया यावर होता. प्रोजेक्टरवर स्लाइड आली, नाव सांगू नका, पत्ता सांगू नका, फोटो टाकू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, पासवर्ड कुणाला देऊ नका. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं, काहींनी तर स्लाइडचाच फोटो काढून ग्रुपवर टाकला, मग चहा आला आणि विषय संपला. यातलं काही चूक आहे असं नाही हो, पण मला तिथं बसल्या बसल्या स्कॉटलंडची ती पोरगी आठवत होती, कारण तिनं सुरुवात केली तेव्हा नाव लपवलेलं होतं, फोटो स्वतःचा नव्हता, घरचं मोठं माणूस शेजारी होतं, शाळेला माहीत होतं आणि तरी दीड महिन्यात प्रकरण मुख्याध्यापकांच्या ऑफिसात, तिथनं कौन्सिलमध्ये आणि तिथनं थेट बीबीसीच्या रेडिओवर गेलं. मी चौथीला शिकवतो आणि शाळेत पोषण आहाराचा चार्जही माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे ही केस मला दोन्हीकडनं टोचते. म्हणून जरा सविस्तर.

गाव लॉकगिल्पहेड. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं दोन-अडीच हजार वस्तीचं, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम खेड्याएवढंच, पण अर्गाइल अँड ब्यूट कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेचं, मुख्य ऑफिस याच गावात. हे लक्षात ठेवा, कारण जिल्हा परिषदेची इमारत आणि जिच्याबद्दल लिहिलं जातंय ती शाळा एकाच गावात असली की काय होतं ते पुढं येतंच. तिथल्या प्राथमिक शाळेत मार्था पेन नावाची नऊ वर्षांची मुलगी. तिला पत्रकार व्हायचं होतं, लिहायची हौस, मग बाबांबरोबर घरचा एक लेखनाचा उपक्रम म्हणून ३० एप्रिल २०१२ ला तिनं ब्लॉग सुरू केला. नाव नेव्हरसेकंड्स, म्हणजे दुसऱ्यांदा वाढणं नाही. विषय एकच, शाळेत दुपारी ताटात काय आलं.

रोज ताटाचा एक फोटो, चार ओळी आणि खाली मार्क. मार्क द्यायची तिची पद्धत मला फार आवडते. चवीला १० पैकी किती, किती घासांत संपलं, पदार्थ किती, तब्येतीला १० पैकी किती, किंमत (२ पाउंड) आणि शेवटी जेवणात केस किती सापडले. हा शेवटचा रकाना मोठ्या माणसाला सुचलाच नसता. पहिल्याच दिवशीचा फोटो बघितला तर एक पिझ्झाचा तुकडा, थोडे मक्याचे दाणे, एक कपकेक आणि बटाट्याचं क्रोकेट, म्हणजे लांबट तळलेला वडा, तो एकच. तिचं म्हणणं साधं होतं की मी वाढत्या वयाची आहे, दुपारभर मला अभ्यासात लक्ष द्यायचं असतं, ते एका क्रोकेटवर कसं जमणार. आता हे वाक्य आमच्या वर्गातल्या कुठल्याही पोराचं असू शकतं, फक्त क्रोकेटच्या जागी काहीतरी वेगळं असेल.

आता सेफ्टीच्या बाजूनं बघा. ब्लॉगवर ती मार्था नव्हतीच, व्हेज होती. व्हेज म्हणजे भाजी असं वाटतं, पण ती लॅटिनमधल्या तीन शब्दांची आद्याक्षरं, व्हेरिटास एक्स गुस्टो, चवीतून सत्य. फोटो ताटाचा, मैत्रिणींच्या चेहऱ्याचा नाही. शाळेत कॅमेरा न्यायला परवानगी होती, चोरून काही नाही. गूगलचं स्वतःचं खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागायची, ही ९ ची, त्यामुळे बाबा सोबत हवेतच आणि होतेही. पहिल्या पोस्टपासून पोरीच्या शेजारी कुणीतरी मोठं बसलेलं होतं ही या केसमधली सगळ्यात धड गोष्ट. आपल्याकडं उलट असतं, पोराच्या हातात आईचा फोन आणि आई गॅसपाशी.

मग जे व्हायचं ते भराभर झालं. जेमी ऑलिव्हर म्हणजे शाळेतल्या जेवणासाठी भांडणारा तिकडचा टीव्हीवरचा शेफ, त्यानं ट्विटरवर कौतुक केलं, पेपरवाले आले, चॅनलवाले आले आणि दोन-तीन आठवड्यांत व्हेजची मार्था झाली, शाळेचं नाव सगळ्या जगाला कळलं. म्हणजे टोपणनावाचा टिकाव तेवढाच. नाव पोरीनं फोडलं नाही, प्रसिद्धीनं फोडलं आणि त्या प्रसिद्धीला हो म्हणणारे मोठेच होते. मी त्या बाबाला दोष देत नाही, माझ्या पोरीचं असं कौतुक झालं असतं तर मीही फेटा बांधून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो असतो, पण स्लाइडवर "नाव सांगू नका" लिहिताना ते कुणी सांगू नये हेही लिहायला हवं होतं असं मला वाटतं.

चांगलंही बरंच झालं. शाळेनं मुलांना सांगितलं की कोशिंबीर, फळं आणि ब्रेड हवं तेवढं घ्या. कौन्सिलचं म्हणणं ते आधीपासूनच मिळत होतं, बरं मग पोरांना कसं माहीत नव्हतं, असो. जपान, जर्मनी, अमेरिका, कुठनं कुठनं मुलं आपापल्या डब्याचे आणि ताटांचे फोटो पाठवायला लागली आणि ती ते लावायला लागली. नऊ वर्षांच्या पोरीला भूगोल असा कुठल्या पुस्तकातनं शिकवणार? आणि हे बघून, जगात कितीतरी मुलांना शाळेत ताटच मिळत नाही हे कळल्यावर, तिनं मेरीज मील्स या संस्थेसाठी पैसे गोळा करायला घेतले. ही संस्था गरीब देशांत शाळेत जेवण देते आणि तिचं मूळ ऑफिस त्याच अर्गाइलमधलं, डॅलमॅलीचं. मलावीतल्या एका शाळेला स्वयंपाकघर बांधून द्यायचं, ७,००० पाउंड लागतील, असं ठरलं.

१४ जून २०१२, गुरुवार. एका पेपरात मार्थाचा एका नावाजलेल्या शेफबरोबर फोटो आला आणि वर मथळा, जेवण करणाऱ्या बायकांना आता कामावरनं काढा, अशा अर्थाचा. शब्द पेपरचे. पोरीनं आयुष्यात कधी असं लिहिलेलं नाही. पण सकाळी गणिताचा तास चालू असताना मुख्याध्यापकबाईंनी तिला वर्गातनं बाहेर बोलावलं, ऑफिसात नेलं आणि सांगितलं की आजपासून जेवणाचे फोटो काढायचे नाहीत. त्या रात्री तिनं "गुडबाय" नावाची पोस्ट टाकली. सगळं सरळ सांगितलं, पेपरातल्या मथळ्यामुळं झालं, मी तर फक्त माझा ब्लॉग लिहिते, पेपर नाही. बाबांनी खाली दोन ओळी जोडल्या, त्यात शाळेनं पहिल्यापासून साथ दिली असंच लिहिलं, आदळआपट नाही. बंदी शाळेची नव्हती, वरनं, कौन्सिलकडनं आलेली होती हे त्यांना ठाऊक होतं.

इथं थांबून एक गोष्ट सांगतो. बंदी पद्धतीनंही चुकीची होती. नऊ वर्षांच्या मुलीला सगळ्या वर्गासमोरनं उठवून नेणं, तेही तिनं केलेल्या चुकीसाठी नाही तर एका संपादकानं लावलेल्या मथळ्यासाठी. आमच्या वर्गात कुणाला ऑफिसात बोलावलं की बाकीची पोरं "मेला आता" म्हणतात. पोरगी गणित विसरेल, हे नाही विसरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौन्सिलनं पत्रक काढलं. फोटोत दिसतं ते मुलांना मिळणाऱ्या पर्यायांचा एक तुकडा आहे, आमच्यावर नाहक हल्ला झालाय आणि स्वयंपाकघरातले कर्मचारी नोकरी जाईल म्हणून घाबरलेत. त्यावर इंटरनेटवर जो गदारोळ झाला तो सांगायला नको, स्कॉटलंडचे शिक्षणमंत्री माइक रसेल तिथलेच आमदार, त्यांनीही बंदी उठवा म्हणून कळवलं. आणि दुपारी कौन्सिलचे नेते रॉडी मॅककुइश बीबीसी रेडिओ ४ वर येऊन म्हणाले, बंदी उठवली. "गुडबाय" पोस्टला चोवीस तासही पुरते झाले नव्हते. देणग्यांचं काय झालं तर ७,००० च्या उद्दिष्टावर काही दिवसांत १ लाख पाउंडांच्या वर जमले. मलावीतल्या लिरांग्वे गावच्या शाळेत स्वयंपाकघर उभं राहिलं आणि त्याच वर्षी ती घरच्यांबरोबर तिकडं जाऊनही आली.

बहुतेक लोक गोष्ट इथं संपवतात, छोटी पोरगी जिंकली, साहेब हरले, टाळ्या. मी पण पहिल्यांदा वाचली तेव्हा असंच वाचलं होतं. पण पोषण आहाराचा चार्ज घेतल्यापासून माझं लक्ष त्या पत्रकातल्या एकाच गोष्टीवर अडकतं, स्वयंपाकघरातल्या बायका घाबरल्या होत्या. बाकी पत्रक गुंडाळून ठेवा, ते सरकारी भाषेत अंग झाडणं आहे, पण हे खरं असणार. विचार करा, गाव एवढंसं, शाळा एक, स्वयंपाकघरात बायका मोजक्या. ब्लॉगवर त्यांचं नाव कधीच नव्हतं, तरी बाजारात गेल्यावर कोण काय करतं हे सगळ्यांना माहीत. पोरीची ओळख लपवायची म्हणून व्हेज नाव घेतलं, त्या बायकांना टोपणनाव घ्यायची सोय नव्हती. आणि त्या एका क्रोकेटचा निर्णय त्यांचा होता का? माप वर कुठंतरी ठरलेलं, पैसे वर ठरलेले, त्या फक्त वाढणाऱ्या.

म्हणजे स्लाइडवरचे सगळे नियम "बाहेरचा कुणी माझ्या मुलाला काही करेल का" याच एका भीतीतनं आलेत. भीती खरीच आहे, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर मी पण वर्गात लावलाय. पण लिहिणाऱ्या मुलाच्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला पण माणूस असतो आणि मुलाचं वाक्य उचलून तिसराच कुणी त्याला काठी करतो, हे कुणी शिकवत नाही. मार्थाच्या केसमध्ये कुणी अनोळखी माणूस तिला फसवायला आला म्हणून बिघडलं नाही. बिघडलं ते पेपरचा मथळा, साहेबांची घाई आणि मधल्या बायकांशी कुणीच न बोलणं यामुळं. तिन्ही ठिकाणी मोठी माणसं.

आपल्याकडं असं झालं असतं तर? झालंच की. २०१९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुलं मिठाबरोबर पोळी खातायत असा व्हिडिओ एका पत्रकारानं काढला, तर गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला, पुढं काही महिन्यांनी नाव वगळलं. तो तर मोठा माणूस, हातात प्रेसचं कार्ड. म्हणून मी वर्गातल्या पोरांना ब्लॉग काढून देऊन थेट जगासमोर उभं करायला तयार नाही, आणि कायद्यानंही ते सोपं नाही. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ च्या आतल्या सगळ्यांना मूलच धरतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची खात्रीलायक संमती मागतो. व्हॉट्सॲपचीही स्वतःची अट १३ वर्षांची आहे, आमच्या चौथीतल्या निम्म्याहून जास्त पोरांचं आईच्या फोनवर रोज स्टेटस असतं ते सोडा.

पण काहीच करायचं नाही हे पण पटेना. आणि एक दिवस चव रजिस्टर भरता भरता डोक्यात आलं की अरे, हेच तर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोषण आहार मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं, जमलं तर एखाद्या पालकानं चाखायचा आणि रजिस्टरमध्ये शेरा लिहून सही करायची असा नियम आहे. आमच्या रजिस्टरचं कुठलंही पान काढा, "चव उत्तम", "चव उत्तम", "चव चांगली", पुन्हा "चव उत्तम", खाली माझीच सही. प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं हे सगळं पाठ आहे, पण खाणाऱ्याचा रकाना कुठंच नाही.

म्हणून दिवाळीनंतर वर्गात मागच्या भिंतीला ब्राउन पेपर लावला आणि त्याला आमचा ब्लॉग म्हटलं. इंटरनेट नाही, वायफाय नाही, भिंत. रोज एक मूल पोस्ट लिहिणार, ताटाचं चित्र काढणार आणि मार्थासारखे मार्क देणार, रकाने पोरांनी स्वतः ठरवले. केसांचा रकाना एकमतानं पास झाला, शिवाय "खडा लागला का" आणि "दुसऱ्यांदा मिळालं का" हे दोन आपले. बाकीच्यांनी कमेंट करायच्या त्या चिठ्ठीवर, खाली चिकटवायच्या, नाव घालून.

पहिल्या आठवड्यात कमेंट म्हणजे "छान", "खूप छान", "लय भारी", एका पोस्टवर चौदा चिठ्ठ्या आणि चौदात मिळून तीन शब्द. मग एकानं एकीच्या पोस्टखाली लिहिलं, तुझं अक्षर कोंबडीचे पाय. ती बाकावर डोकं टेकून बसली, उठेना. मी चिठ्ठी फाडली आणि म्हटलं, झालं, डिलीट केली. तर मागच्या बाकावरनं आवाज आला, "सर, फाडून काय उपयोग, सगळ्यांची पाठ झालीय." स्क्रीनशॉट म्हणजे काय हे मी अर्धा तास घेऊन शिकवणार होतो, तो अर्धा तास वाचला. लिहिणाऱ्याला विचारलं, हे तिच्या तोंडावर मोठ्यानं वाचून दाखवशील का, तर तो चपलेकडं बघायला लागला. त्या दिवसापासून वर्गानंच ठरवलं की ज्याला कमेंट करायची त्याला ती आधी वाचून दाखवायची. इंटरनेटवर हे चालणार नाही मला कळतं. पण आत्ता ते नऊ वर्षांचे आहेत.

दुसरा नियम मी घातला, तो सरळ लॉकगिल्पहेडवरनं घेतलेला. जेवणाबद्दल वाईट लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण लिहायच्या आधी स्वयंपाकाच्या मावशींकडं जाऊन विचारायचं की असं का झालं, आणि त्या काय म्हणाल्या तेही पोस्टमध्ये लिहायचं. कागदोपत्री त्या स्वयंपाकी मदतनीस, मुलांना मावशी. मावशींना मी आधी सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लिहू द्या की, घरी माझा नवरा रोजच लिहितोय तोंडानं." आणि तिसरं, भिंतीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर जाणार नाही. यावर पालकसभेत बराच वाद झाला. एका वडिलांचं म्हणणं, पोरगं एवढं छान लिहितंय तर जगाला दिसू द्या की सर, आणि खरं सांगायचं तर माझंही मन होत होतं, केंद्राच्या ग्रुपवर टाकलं असतं तर साहेबांचे दोन अंगठे नक्की आले असते. शेवटी ठरलं की ज्याला बघायचंय त्यानं शाळेत यावं, भिंत उघडीच आहे. चार-पाच जण आलेही, त्यातल्या एका आजोबांनी चिठ्ठी मागून घेऊन कमेंट चिकटवली, "आमच्या वेळी सुकडी होती."

मागच्या मंगळवारची पोस्ट सांगतो. लिहिणारा गप्प पोरगा आहे, वर्गात हात वर न करणारा. आमटीचं चित्र पिवळं, वर दोन हिरवे ठिपके, कोथिंबीर असावी. चव १० पैकी ३. घास २२. खडा नाही. दुसऱ्यांदा मिळालं, हो. केस ०. आणि खाली, जसंच्या तसं: "आमटीत मीठ कमी होतं. मावशीला विचारलं. मावशी म्हणल्या मीठ काल संपलं. सरांना सांगितलं होतं. सर विसरले."

मधली सुट्टी संपत आली होती, वर्गात कुणी नव्हतं. त्याच दुपारी केंद्रप्रमुख भेटीला यायचे होते आणि चव रजिस्टरमध्ये त्याच दिवसाच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, चव उत्तम. मी त्या पानासमोर उभा राहिलो, एकदा दाराकडं बघितलं. मग खिशातलं पेन काढलं, एक चिठ्ठी घेतली, नाव घालून "खरं आहे" लिहिलं आणि त्याच्या पोस्टखाली चिकटवली. मीठ आणायला गेलो तेव्हा दुकान बंद होतं, शेवटी मावशींच्या घरनं वाटीभर आणलं.